भाकडाचा रकाना

मल्लप्पांसमोर कुणी "गाईचं दूध काढलं" असं म्हटलं की ते हातातलं काम थांबवायचे. "दूध काय खिशातनं काढत्यात? धार काढली म्हन." समोरचा तसं म्हणेपर्यंत पुढचं बोलणं व्हायचं नाही. केम गावातली माणसं त्यांच्या दारावरून जाताना जनावरांचा विषय टाळायची, किंवा मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून पळ काढायची.

माझी त्यांची गाठ पडली बहात्तरच्या दुष्काळात. आम्ही पाच-सहा जणांनी सोलापुरात दारोदार हिंडून कडबा गोळा केला होता आणि तो रेल्वेनं केमला आणला होता. सोबत एक पत्रक होतं. ते मी लिहिलं होतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि जगातला कुठलाही अन्याय एका पानात मावतो अशी माझी खात्री होती.

फलाटावर पेंढ्या उतरवत असताना धोतरावर रेल्वेचा जुना खाकी कोट घातलेला एक म्हातारा आला. गँगमन म्हणून निवृत्त झालेला. त्याच्या हातात माझं पत्रक होतं, हमालाकडून वाचून घेतलेलं.

"ह्ये कुनी लिवलंय?"

मी छाती काढून पुढे झालो.

"म्हशीला वासरू कवा झालं, मास्तर?"

हमालसुद्धा हसायला लागले.

"म्हशीचं रेडकू. मादी आसंल तर पारडी. वासरू गाईचं. त्यात मादी ती कालवड, नर त्यो गोऱ्हा. गाईला रेडकू लावलं न्हाय, तेवढं उपकार झालं."

मी चिडलो. म्हणालो, "शब्दांनी जनावराचं पोट भरत नाही."

"मग पत्रक कशाला छापलं?" मल्लप्पा म्हणाले, आणि पेंढ्या उतरवायला लागले.

संध्याकाळी त्यांनी माझी वहीही तपासली. त्यांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवली. वहीत दोनच रकाने होते : दुभती आणि भाकड. नियमही माझाच. कडबा आधी दुभत्या जनावरांना, म्हणजे गावातल्या पोरांच्या पोटात दूध जाईल. भाकडांना उरलं तर.

"आनि गाभण कुटं बसवनार?" त्यांनी विचारलं.

"ती दूध देत नाही ना?"

"आटली म्हंजी भाकड झाली व्हय? पोटात वासरू हाय, म्हनून तिनं इसावा घेतलाय. उद्या व्याली की पयला चीक, मग दूध. तिला उपाशी ठेवली तर फुडल्या सालाला पोरं काय पिनार, पत्रक?"

मी तिसरा रकाना आखला. त्या रात्री कितीतरी वेळ मी त्यांना विचारत बसलो होतो. पहिल्यांदा व्यायची ती पहिलारू. त्यानंतर गाईचं वय वर्षांत कुणी मोजत नाही, वेतांत मोजतात, म्हणजे ती किती वेळा व्याली त्यावर. वासरानं आधी ढुशी दिल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. शेतकऱ्यांवर मी डझनभर पत्रकं लिहिली होती, आणि यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

तिसरा रकाना पडल्याबरोबर गावातली सगळी भाकड जनावरं एका दिवसात गाभण झाली. मग मल्लप्पांनाच माझ्या शेजारी बसवलं. ते गाईच्या उजव्या कुशीत मूठ दाबायचे, थांबायचे, पुन्हा दाबायचे. आतून वासराचा टोला मुठीला लागतो म्हणे.

सखूबाई आपली गाय घेऊन आली. "गाभण हाय की वो, अप्पा."

"वळू कवा दावला?"

"आखाडात."

"आखाडात दावला आसता तर आता कास भरत आली आसती. भाकड लिवा, मास्तर."

"तुज्या मुठीत काय देव बसलाय का रं, मल्ल्या?"

"देव न्हाय, सखूबाई. वासरूबी न्हाय."

अशी त्यांनी सात जनावरं भाकडात घातली. त्यातलं एक सरपंचाच्या मेव्हण्याचं होतं. मी खूश होतो. नियम म्हणजे नियम. भाकडांसाठी कडबा मात्र कधीच उरला नाही.

शेवटच्या दिवशी मल्लप्पा स्वतः रांगेत उभे राहिले. दाव्याला एक म्हातारी तांबडी गाय होती, तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिचं नाव चन्नी. सखूबाई मुद्दाम थांबली. "आता बगू मूठ काय म्हनतीय."

मल्लप्पांनी चन्नीच्या कुशीत मूठ दाबली. इतरांच्या वेळी दाबायचे तशीच. थांबले. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली. मी लेखणी गाभणच्या रकान्यावर धरून ठेवली होती. त्यांनी तो शब्द उच्चारला असता तर मी मान वर न करता लिहिला असता, आणि माझा नियम गेला असता खड्ड्यात.

"भाकड," ते म्हणाले.

"अप्पा, नीट बघा."

"लिवा की. भाकड म्हनलं न्हवं?"

सखूबाई निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. घर म्हणजे गवतानं शाकारलेली एक खोली. मल्लप्पा शिडीवर चढून छपराचं गवत उपसत होते आणि खाली टाकत होते. चन्नी ते काळपट गवत चघळत होती. अर्ध्या खोलीत ऊन पडलं होतं.

"अप्पा, घर उघडं पडलं!"

"पडू दे. भिजायला पाऊस कुटं हाय?"

मी शिडी धरली. वरून ते गाईशी बोलत होते, पण मराठीत नाही. "ऊटा आतेनव्वा?" असं काहीतरी.

"हे काय?"

"कन्नड. आमी तिकडं होटगीकडचं. ही बी तिकडचीच. नीलव्वानं, माज्या बायकूनं, माहेरनं आनली, कालवड हुती तवा." थोडं गवत खाली पडलं. "नीलव्वा जाऊन दोन वर्सं झाली. हितं समदी मराठी मानसं. वाईट न्हाईत. पन कन्नड समजनारी ही एकलीच ऱ्हायली. मी बोलतो, ती कान हलवती."

"आता काय विचारलंत तिला?"

"जेवलीस का."

मी ते म्हणून पाहिलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा चन्नीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्हालाच विचारायचं असेल तर?"

"बाईला, गाईला अव्वा. बाप्याला अप्पा."

मी वर बघून विचारलं, "ऊटा आतेनप्पा?"

मल्लप्पांचा हात थांबला. मुठीत गवत तसंच राहिलं.

"इल्ल," ते म्हणाले. आणि मला कळावं म्हणून मराठीत, "न्हाय. कालपासनं न्हाय."

मी त्यांना खाली उतरा म्हणालो, माझ्याकडच्या दोन भाकरी दाखवल्या. ते उतरेनात. चन्नीचं जेवण अजून व्हायचं होतं.