परतीचा बहर आणि मिनेहारा नगरपालिका

ऑक्टोबर महिन्यात मिनेहारा गावातल्या तोकिकोआजींच्या परसातली चेरी फुलली आणि दारावरच्या विस्टेरियाच्या वेलाला जांभळे घोस लटकले. ही बाब नगरपालिकेच्या उद्यान विभागाला तक्रारीच्या स्वरूपात समजली. चेरीने एप्रिलात फुलायचं असा गावाचा शिरस्ता होता. शिरस्ता मोडणारा माणूस असो वा झाड, त्याची दखल घेणं विभागाला क्रमप्राप्त होतं.

दखल घ्यायला उपप्रमुख इगाराशी गेले. स्वभावाने मऊ माणूस. 'वरून विचारलं तर काय सांगायचं' या एकाच चिंतेवर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. कारण त्यांना बघताक्षणी कळलं. सप्टेंबरच्या वादळाने झाडाची पानं ओरबाडून नेली होती. बोडक्या झाडाला वाटलं, हिवाळा सरला; म्हणून ते फुललं. पण आळीच्या मंडळाचे अध्यक्ष कुबोता यांना एवढ्या सरळ कारणाने समाधान होईना.

"साहेब, याला वेडा बहर म्हणतात. अभद्र असतो. आणि आत्ताच सगळं उधळून बसलं, तर एप्रिलच्या उत्सवात पाहुण्यांना काय काटक्या दाखवायच्या?"

"मग काय करावं म्हणता?"

"झाकून टाका."

त्याप्रमाणे 'सदर बहर आलेला नाही' असं नगरपालिकेने जाहीर केलं आणि न आलेल्या बहरावर निळी ताडपत्री घातली. शिडीवर चढून वेल बांधत असलेल्या योनेदांनी आपणहून दोरीचं टोक धरलं. ते निवृत्त बसचालक, वय एकोणऐंशी. रोज सकाळी आजींच्या वेलाची निगा राखायला येत आणि जेवूनच जात.

"झाका बापडे," चौऱ्याहत्तर वर्षांच्या तोकिकोआजी म्हणाल्या. "पण वेलाला ऊन लागतं. तेवढी फट ठेवा."

त्या फटीने घात केला. निळ्या ताडपत्रीतून डोकावणाऱ्या गुलाबी फांदीचा कुणीतरी फोटो काढला आणि आठवड्याभरात गावात बस लावायला जागा उरली नाही. तेव्हा नगराध्यक्षांनी ताडपत्री काढवली, 'वेडा' या शब्दावर कार्यालयीन बंदी घातली आणि यापुढे 'परतीचा बहर' असंच म्हणावं, असा आदेश काढला. चौकात फलक लागला : 'उमलायला वय नसतं!' मिठाईवाल्यांनी चेरीच्या पानात गुंडाळलेले तांदळाचे लाडू पुन्हा मांडले. ज्या कुबोतांना बहर अभद्र वाटत होता, ते गळ्यात गुलाबी पट्टा घालून बस उभ्या करून घेऊ लागले.

रविवारी समारंभ झाला. नगराध्यक्ष झाडाखाली उभे राहून गहिवरले. "सगळी पानं झडली तरी हे झाड खचलं नाही. मोसम संपला म्हणणाऱ्यांना त्याने फुलून उत्तर दिलं. आपल्या ज्येष्ठांनीही यातून धडा घ्यावा!"

लोकांनी डोळे पुसले. मग ध्वनिक्षेपक घरमालकीण म्हणून तोकिकोआजींच्या हातात आला.

"धडा घेतला," त्या म्हणाल्या. "मी आणि योनेदा पुढच्या महिन्यात लग्न करतोय."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. 'वेडा' हा शब्द कार्यालयात बंद असला तरी आळीत मोकळा होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या तोंडी झाला.

पुढचं सगळं आजींच्या काळजीपोटीच झालं. आरोग्य विभागाची बाई येऊन विचारून गेली, आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती. पोलिसांनी वृद्धांच्या फसवणुकीविषयीचं पत्रक दिलं. योनेदांनाच दिलं आणि ते आजींना वाचून दाखवायला सांगितलं. ओसाकाहून मुलगा आला, झाडासोबत फोटो काढून घेतला आणि आईशी न बोलता परत गेला. शेवटी मंडळाची बैठक बसली आणि आजींची समजूत घालायचं काम इगाराशींवर आलं. वेल त्यांच्या खात्यात, तेव्हा वेलाखालची बाईही त्यांच्याच खात्यात.

"आजी, नाही म्हणत नाही कुणी," इगाराशी चहाचा पेला फिरवत म्हणाले. "फक्त एप्रिलपर्यंत थांबा. कसं, सगळं योग्य वेळी झालेलं बरं."

"योग्य वेळ उद्यान विभाग ठरवतो का?"

"तसं नाही, पण लोक..."

"एप्रिलपर्यंत मी असेन, असं लिहून देता? द्या. थांबते."

इगाराशींनी आयुष्यात कसलीच हमी कुणाला लिहून दिली नव्हती. आतून योनेदा ओरडले, "तोकिको, मुळ्याचं लोणचं कुठे ठेवलंयस?" आणि आजी अशा काही लाजल्या, की इगाराशींनी खिडकीबाहेर पाहिलं.

लग्न नोंदवायला दोन साक्षीदार लागतात. गुलाबी पट्टेवाल्या आळीत एकही मिळेना. कुबोतांची तर नेमकी पाठ धरली. नोंदणीच्या दिवशी दोघं नगरपालिकेतल्या नोंदणीच्या खिडकीपाशी नुसतीच उभी आहेत हे जिना उतरताना इगाराशींनी पाहिलं. वरून विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांना त्या क्षणी सुचलं नाही. म्हणून त्यांनी सही केली. दुसरी सही बहर बघायला परगावाहून आलेल्या एका अनोळखी बाईने केली. तिने योनेदांना वय विचारलं नाही, पत्ता विचारला, झाडाकडे जायचा.

त्या संध्याकाळी इगाराशी घरी गेले ते छाती फुगवूनच. बायकोला सगळं सांगितलं. समाज कसा ढोंगी आहे यावर ते बोलत असतानाच मात्सुयामाहून त्यांच्या आईचा फोन आला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आई एकटीच राहत होती.

"अरे, तुला एक सांगायचं होतं. आमच्या गाण्याच्या वर्गात एक गृहस्थ येतात. फार छान आवाज आहे. तर आम्ही दोघं..."

इगाराशींनी पुढचं ऐकलंच नाही. ते ताडकन उठून उभे राहिले.

"आई, आधी सांग, घराचे कागद कुठे आहेत?"

तुम्ही असं विचारलं नसतं, याची खात्री आहे. तोकिकोआजींनी लग्न जाहीर केलं, तेव्हा परसासकट त्या घराचं पुढे काय होणार, हा विचार तुमच्या मनाला तरी कुठे शिवला होता?