दुसऱ्याच्या मोबाईलात डोकावणारा माणिक

मोशीच्या थांब्यावर कंपनीची बस यायच्या आधी दहा मिनिटं एक माणूस तुम्हाला दिसेल. पन्नाशीचा, कानावर खडू, शर्टाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. तो बसमध्ये चढत नाही. रांगेच्या मागून टाचा उंचावत पुढे सरकतो आणि एकेकाच्या मोबाईलात डोकावतो. मग बॉलपेनानं स्वतःच्या तळहातावर रेघ मारतो.

एकदा एक बाई गर्रकन वळली. "काय बघताय ओ काका?"

"ताई, राग मानू नका. तुमची मान कुठं असती एवढंच बघायलोय."

बाई चप्पल काढायला वाकली. मी तिथंच पारावर बसलो होतो म्हणून मधे पडलो. "पोरी, माणूस सरळ हाय, फक्त धंद्यापायी येडा झालाय," असं म्हणून त्याला हाताला धरून घरी आणला. वाटेत मला म्हणतो, "आबा, तुमच्यापायी एक रेघ हुकली."

हा माणिक. आमच्या घरासमोर पत्र्याच्या गाळ्यात रेक्झिनच्या पिशव्या शिवतो. कामगार जेवणाचा डबा नेतात त्या. मूळचा लातूरकडचा, एकटा राहतो. मी त्याच्याकडं सकाळी चहाला जातो. चहा बरा नसतो, पण बसायला स्टूल चांगलं आहे.

मी कोण, तेही सांगतो. मी चौथी शिकलो. पुढची शाळा मी सोडली की मास्तरांनी सोडायला लावली, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण भोसरीत अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा राहिलो आणि माझा एकही जॉब, म्हणजे कातलेला नग, रिजेक्ट होऊन परत आला नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं समोर येऊन बोलावं.

तर माणिक एका कंपनीला पिशव्या पुरवायचा. या वर्षी कंपनीनं छापील पिशव्या दुसरीकडून मागवल्या आणि ह्याची ऑर्डर बंद झाली. त्यानं गाळामालकाला सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत माझं मी गिऱ्हाईक जमवतो. न्हाई जमलं तर मशीन टेम्पोत टाकतो आन गावी जातो." गावी त्याचा एक चुलता आहे. तोही ओळख दाखवत नाही.

जो येईल तो त्याला सांगायचा, मोबाईलवर जाहिरात कर. आता मोबाईलवर म्हणजे कुठं? तिथं तर चार-पाच बाजार. यूट्यूब, फेसबुक, रील, व्हॉट्सॲपचं स्टेटस. दुसरा असता तर सगळीकडं फोटो टाकून मोकळा झाला असता. माणिक म्हणाला, "असं न्हाई. गिऱ्हाईक जिथं मान घालतंय तिथंच आपण दुकान मांडायचं. आधी मान कुठाय ते बघू." म्हणून ह्या रेघा. तीन शिफ्टला तीन फेऱ्या. घरी येऊन तळहातावरच्या रेघा पत्र्यावर खडूनं उतरवायचा आणि मगच हात धुवायचा. तोवर चहासुद्धा एकाच हातानं करायचा.

महिनाभरानं त्याचा निकाल लागला. सकाळच्या शिफ्टची मान स्टेटसात, दुपारच्या शिफ्टची रीलमध्ये. रात्रपाळी करून सुटलेल्यांची मान बसच्या खिडकीच्या काचेला, कारण ते झोपलेले असतात. "त्यांना जाहिरात न्हाई करायची," माणिक म्हणाला. "झोपू द्या बिचाऱ्यांना."

पण स्टेटस ओळखीच्यांनाच दिसतं आणि रील त्याला जमत नव्हती, म्हणून सुरुवात त्यानं फेसबुकपासून केली. त्यावर गावाकडची माणसं आली. कुणी फुलं टाकली, कुणी अभिनंदन केलं. एकानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, न बघता. पिशवी कुणी घेतली नाही.

मग यूट्यूब. एक पिशवी कापण्यापासून बंद लावण्यापर्यंत अख्खी शिवून दाखवली, पाऊण तास. मी म्हणालो, "आरं, एवढं कोण बघंल?" तर म्हणे, "मधलं कापलं तर लोकांना वाटंल, काहीतरी लपवायलाय." अकरा जणांनी बघितलं. त्यातले चार जण मीच होतो.

रीलवर तर त्याचा जीवच गुदमरला. "आबा, अर्ध्या मिनिटात माणसाचा दोराबी ओवून होत न्हाई!" आणि खरंच त्याची पहिली रील म्हणजे नुसता दोरा ओवणं. सुईतून दोरा आरपार गेला, रील संपली. खाली त्यानं लिहिलं, 'पिशवी उद्या.'

आता खरी गंमत झाली ती सांगतो. एका सकाळी तो मोबाईल लावून पिशवी दाखवत होता. मी माझ्या सवयीनं खिशातलं व्हर्नियर काढलं. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी पट्टी, ती मी अजून जवळ बाळगतो. पिशवीच्या बंदावरचे टाके मोजायला लागलो. सहा टाके सारखे, सातवा अर्धा मिलिमीटर लांब.

"रिजेक्ट!" मी ओरडलो आणि पिशवी कोपऱ्यातल्या चिंध्यांत फेकली.

"आबा, अवो ही जाहिरात चाललीय!"

"मग खरी कर की जाहिरात."

मोबाईल चालूच होता. माणिकला मधलं कापता येत नव्हतं, म्हणून त्यानं आहे तसंच रीलवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो थांब्यावरून धावत आला, दोन्ही हात वर. "आबा, अख्खी रांग तुम्हालाच बघायलीय! मान वळली आपल्याकडं!" दुपारपर्यंत फोन सुरू झाले. चाकणवरून, देहूरोडवरून. नऊ पिशव्यांची मागणी आली. माणिकनं मला दोनदा चहा पाजला आणि दुसऱ्यांदा साखर घातली.

आणि चौथ्या दिवशी रील गायब. फोन थांबले.

"रील कुठंय?" मी विचारलं.

"काढली."

"का?"

"उगंच."

मला काय ते कळलं. त्याच्या हातची पिशवी मी चारचौघांत फेकली, ते त्याला लागलं होतं. मी म्हणालो, "खऱ्याचा राग येत आसंल तर धंदा करू न्हाई." त्यानं मशीन सुरू केलं. मी त्या दिवसापासून चहाला गेलो नाही. सकाळी दारात खुर्ची टाकायचो ती त्याच्या गाळ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. भिंतीत बघण्यासारखं काही नाही, पण माघार घेणं माझ्यात नाही. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी आमची सूनबाई, सुनीता, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, चिडणार नसाल तर एक दाखवते."

"चिडायचं का न्हाई ते मी बघून ठरवीन."

तिनं मोबाईल पुढं केला. रील गायब व्हायच्या आधी तिनं रीलखालच्या शेऱ्यांचे फोटो काढून ठेवले होते. लोकांनी लिहिलेलं मी सावकाश, अक्षर लावून वाचलं.

'म्हाताऱ्याला घरच्यांनी हाकललेलं दिसतंय.' 'आजोबा, तुमचे डोळेच रिजेक्ट झालेत.' 'याला कुणीतरी भंगारात घाला रे.' खाली हसरी तोंडं, रांगच्या रांग.

आणि प्रत्येकाखाली माणिकचं उत्तर. एकही सोडला नव्हता.

'ते आमचे आबा आहेत. अठ्ठावीस वर्षे लेथवर होते. नीट बोला.'

'आबांची नजर चांगली आहे. टाका खरंच लांब होता. चूक माझी आहे.'

'दादा, पिशवी घेऊ नका, चालेल. पण अरेतुरे नको.'

'भंगारात घाला' म्हणणारा तर हटतच नव्हता. 'एवढा पुळका का, तुझा बाप लागतो का?' असं त्यानं विचारलं होतं. त्याला माणिकनं लिहिलं होतं, 'नाही. पण सकाळी माझ्याकडे चहाला तेवढे एकटेच येतात.'

"रविवारभर उत्तरं देत बसले होते," सुनीता म्हणाली. "एकाला उत्तर दिलं की दहा नवे यायचे. शेवटी काढूनच टाकली."

मी मोबाईल तिच्या हातात दिला, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.

माणिक मशीनवर होता. मला बघून उठला आणि स्टूल पुसलं.

"ती रील परत लाव," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मला कळलंय हे त्याला कळलं. "न्हाई आबा."

"दसरा तेरा दिवसांवर आलाय."

"येऊ द्या."

"लोक मला काय म्हंत्यात, त्याची मला फिकीर न्हाई."

"मला हाय की," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं. आमच्यात मशीन सुरू झालं की बोलणं संपतं.

मी बसून राहिलो. बंद शिवून झाला, दोरा तोडला, मशीन थांबलं. मग मी म्हणालो, "बरं, ती नको. नवी काढ. आत्ता."

तो जरा घुटमळला. मग मोबाईल उभा केला आणि बराच वेळ इकडंतिकडं सरकवत राहिला. मी वाकून बघितलं. त्यात त्याचे हात दिसत होते, पिशवी दिसत होती. मी दिसणार नाही असा बेतानं लावला होता.

मी उठलो. स्टूल उचललं आणि पिशवीच्या शेजारी, बरोब्बर मधोमध आणून ठेवलं. टोपी नीट केली आणि बसलो.

"कर सुरू," मी म्हणालो.