अकरावा विषय आणि आठ प्रामाणिक नगरसेवक

माझ्या बहिणीचे यजमान स्वतःची ओळख करून देताना उभे राहतात. बसलेले असले तर मुद्दाम उठतात. "गुन्हेगार माझं नाव ऐकून झोपत नाही, आणि गुन्हेगाराचं नाव कळेपर्यंत मी जेवत नाही," असं ते म्हणतात. पहिल्या वाक्याला पुरावा नाही. दुसऱ्याच्या विरोधात माझी बहीण रोज दोन वेळा साक्ष देऊ शकेल. आजवर एकही गुन्हेगार त्यांच्या हातून निसटलेला नाही, हे मात्र खरं. निसटायला आधी हाती लागावं लागतं.

मी त्यांना भावजी म्हणतो, ते मला सहायक म्हणतात, आणि बहीण आम्हा दोघांना जे म्हणते ते छापण्यासारखं नाही. मी नोकरीतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात तिने मला बजावलं होतं, की हे तपासाला निघाले की बरोबर कुणीतरी घरचं असावं, हरवले तर कळवायला. तेव्हापासून मी सहायक आहे.

एके दुपारी नगराध्यक्षबाई स्वतः आमच्याकडे आल्या. तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्या दारात दिसल्या तेव्हा मी आपोआप हातातला चहाचा कप मागे लपवला. नगरपालिकेच्या तेरा सदस्यांपैकी निम्मे त्यांचे जुने विद्यार्थी. बाकीचे नाहीत, पण घाबरतात तेवढेच.

त्यांची तक्रार विचित्र होती. त्यांचे नगरसेवक अचानक प्रामाणिक झाले होते.

झालं होतं असं. निवडून आल्यावर बाईंनी सदस्यांसाठी नीतिनियम केले. एखाद्या विषयात आपला किंवा आपल्या नात्यातल्या कुणाचा फायदा-तोटा गुंतलेला असेल, तर सदस्याने उभं राहून तसं सांगायचं, हितसंबंधांच्या नोंदवहीत कारण लिहून सही करायची आणि तो विषय संपेपर्यंत सभागृहाबाहेर जायचं. पूर्वी मतदानाची वेळ आली की एकेकजण चपला शोधत सटकायचा, म्हणून बाईंनी दुसरं कलमही घातलं, की हे एक कारण सोडलं तर सभा चालू असताना कुणीही सभागृह सोडायचं नाही. पहिलं वर्षभर नोंदवही कोरी राहिली. पंख्याखाली उडणारे कागद दाबून ठेवायला तिचा उपयोग होत असे.

मग सरकारी दवाखान्याचा विषय आला. आमच्या दवाखान्याला नऊ पायऱ्या आहेत, उंच, अरुंद, कठडा नसलेल्या. ज्यांना त्या चढता येतात त्यांना बहुधा दवाखान्याची गरज नसते. म्हणून डॉक्टरीणबाई खाली येऊन रस्त्याच्या कडेला पेशंट तपासतात, आणि येणारे-जाणारे थांबून आपलंही मत देतात. तिथे चाकाची खुर्ची जाईल असा उतार आणि कठडा बांधायचा, एवढाच ठराव होता. सभेच्या यादीत तो शेवटचा, अकरावा. दोनदा सभेपुढे आला आणि दोन्ही वेळा आठ सदस्य उभे राहिले, हितसंबंध जाहीर करून बाहेर गेले. उरले पाच. निर्णयाला निदान सात लागतात. सभा बरखास्त.

"लबाड माणसं मला चेहऱ्यावरून कळतात," बाई म्हणाल्या. "प्रामाणिक माणसांचं काय करायचं, ते कळत नाही."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला. गेल्या आठवड्यात कपडे शिवणाऱ्या बाईची आई सुजलेला गुडघा घेऊन आली होती. भररस्त्यात गुडघा उघडा करायची तिला लाज वाटली. ती हट्टाने पायऱ्या चढायला गेली, पाचवीवरून पडली आणि मनगट मोडून बसली. उताराला वरून मिळालेली मंजुरी महिनाअखेर संपत होती. मग पुन्हा अर्ज, पुन्हा दोन वर्षं.

भावजींनी नोंदवही मागवून घेतली. कारणं वाचनीय होती. लोखंडाच्या दुकानवाल्यांनी लिहिलं होतं, की कठड्याचे गज त्यांच्याकडूनही घेतले जाऊ शकतात. चपलांच्या दुकानवाल्यांचं म्हणणं, उतारामुळे लोकांच्या चपला कमी झिजतील आणि त्यांचा धंदा बसेल. दोघांना गवंडी नात्यातला निघाला होता. फोटोग्राफर सदस्यांना उद्घाटनाचे फोटो काढायची आशा होती. सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी थरथरत्या अक्षरांत नोंदवलं होतं, "मी एक दिवस म्हातारा होणार आहे, सबब लाभार्थी." ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

भावजींचा पहिला संशय दवाखान्यापाशी बसणाऱ्या दोन हमालांवर. ज्याला परवडेल त्या पेशंटला पैसे घेऊन खुर्चीतून वर नेणं हे त्यांचं काम. उतार झाला तर ते संपेल, सबब कटाचे सूत्रधार तेच. खात्री करायला भावजी स्वतः पेशंट होऊन खुर्चीत बसले. सातव्या पायरीवर त्यांनी अचानक, दरडावून, "तुमचा प्रमुख कोण?" असं विचारलं. हमालांनी दचकून खुर्ची सोडली नाही, ही त्यांची माणुसकी. वर पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी भावजींचा रक्तदाब तपासला आणि मीठ बंद केलं. हमालांनी खाली येताना मला सांगितलं, की उतार कधी होतोय याची ते वाटच बघताहेत, दोघांचीही कंबर गेली आहे.

मग संशय गवंड्यावर गेला. सगळे नगरसेवक त्याच्या नात्यात असणार असं ठरवून भावजींनी बैठकीच्या भिंतीवर त्याचा वंशवृक्ष काढायला घेतला. दोन दिवसांत तो खिडकी ओलांडून पलीकडे गेला. आठही सदस्य त्यात बसले. न उठणारे पाचही बसले. तिसऱ्या दिवशी माझी बहीण बसली, तिच्यामागून मी, आणि एका फांदीच्या टोकाला, गवंड्याच्या आत्याच्या चुलतजावेचे भाचे म्हणून, खुद्द भावजी. ते बराच वेळ स्वतःकडे संशयाने बघत राहिले. बहिणीने भिंत पुसायला लावली.

तिसऱ्या सभेला आम्ही स्वतः गेलो. दुपारी दोनला सभा बसली. लोकांसाठीच्या बाकावरून भावजी बारीक डोळे करून एकेकाला न्याहाळत होते. फक्त एका सदस्यावर ते खूश झाले. ते म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, सगळे त्यांना औषधवाले म्हणतात. उन्हाळ्याचे दिवस, हा गृहस्थ न कंटाळता उठून ज्याचा त्याचा पेला भरत होता. घ्या काका, घसा सुकला असेल. घ्या, अजून पाच विषय आहेत. मागच्या दोन्ही सभांत जे पाच बसून राहिले त्यांत हेही होते. भावजींनी वहीत लिहून घेतलं, "निःस्वार्थी. तपासातून वगळावे."

चारच्या सुमाराला अकरावा विषय पुकारला गेला आणि आठ माणसं अशी उठली की खुर्च्या मागे सरकल्या. कुणी नोंदवहीत वाकडीतिकडी सही केली, कुणी नुसती रेघ ओढली. भावजींनी मला जिन्यावर पहारा द्यायला पाठवलं आणि स्वतः खांबाआडून त्यांच्या मागे गेले. वीस मिनिटांनी परतले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

ही एक गुप्त संघटना आहे, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. व्हरांड्याच्या टोकाला एक बंद खोली आहे, दारावर पाटी नाही. त्या दारासमोर आठही जण रांगेत, एक शब्द न बोलता उभे होते. एकेकजण एकटाच आत जात होता, दोन मिनिटांनी बाहेर येत होता, आणि बाहेर येताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं समाधान, की आत काहीतरी मोठं मिळत असलं पाहिजे. शिवाय प्रत्येक वेळी आतून पाण्याचा आवाज येत होता.

"पुरावे वाहून टाकतात," भावजी म्हणाले.

मला थोडी शंका आली होती, पण सहायकाने शंका मनात ठेवायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नगरपालिकेत गेलो. व्हरांड्यात शिपाईबाई फरशी पुसत होत्या. नगरपालिकेत सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्या खोलीची चावी त्यांच्याकडे असते असं कळल्यावर भावजींनी स्वतःची ओळख करून दिली, झोप आणि जेवणासकट, आणि आत नेमकं काय चालतं ते न घाबरता सांगायला सांगितलं.

मावशींनी पोछा बादलीत बुडवून पिळला.

"साहेब, संडास आहे तो."

पुढचं त्यांनी काम करता करताच सांगितलं. पाटी पावसात पडली ती पुन्हा लागली नाही. सभा दोन तास चालते, मध्ये बाहेर जायची सोय नाही, सदस्यांची वयं ही अशी. पहिल्या खेपेला लोखंडवाल्यांना ही पळवाट सुचली, आणि ते सुखरूप बाहेर पडलेले बघून बाकीचे सातही उठले. विषय कुठला का असेना, चार वाजता जो येईल त्यात त्यांचा हितसंबंध असतो. पण विषय संपेपर्यंत आत यायचं नाही असा नियम, म्हणून गेलेले बाहेरच राहतात, सभा मोडते, आणि राहिलेला विषय पुढच्या यादीत परत शेवटी जाऊन बसतो.

मी विचारलं, हे त्यांनी बाईंना सरळ का नाही सांगितलं. मावशी नुसत्याच माझ्याकडे बघत राहिल्या. मला शाळा आठवली आणि मी प्रश्न मागे घेतला.

भावजी खिन्न झाले होते. म्हणजे गुन्हाच नाही, ते पुटपुटले.

"ते मी कुठं म्हटलं?" मावशी म्हणाल्या. "औषधवाले दर सभेला माझ्याकडून पाच तांबे भरून घेतात. सगळ्यांना पाजतात. स्वतः एक घोट घेत नाहीत."

औषधवाल्यांच्या जावयाचा खाजगी दवाखाना सरकारी दवाखान्याच्या बरोबर समोर आहे, तळमजल्यावर, एकही पायरी नसलेला. शेजारी सासऱ्यांचं दुकान. नऊ पायऱ्यांना घाबरलेला पेशंट रस्ता ओलांडून कुठे जातो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त नोंदवहीला माहीत नव्हतं. ज्यांचा काही संबंध नव्हता ते आठ जण सह्या करून बाहेर गेले, आणि ज्याचा होता तो खुर्चीला चिकटून बसला. एका माणसाने अख्ख्या सभागृहाला पाणी पाजलं, आणि वर सगळ्यांनी त्याचे आभार मानले.

बाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. ऐकून त्यांना औषधवाल्यांचा राग आला असेल असं मला वाटलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"शाळेत मी पहिलीच्या पोरांनासुद्धा सोडत होते," त्या म्हणाल्या. "ही एवढी मोठी माणसं. करंगळी वर करायलाही घाबरली?"

महिना संपायला दोन दिवस असताना खास सभा झाली. पावणेचारला बाईंनी, कुणाकडेही न बघता, पंधरा मिनिटं सुट्टी जाहीर केली. सदस्य आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग एकदम उठले. परत आले तेव्हा ते वेगळेच दिसत होते. अकरावा विषय पुकारला गेला; कुणी उठलं नाही. ज्येष्ठ सदस्यांनी तर उभं राहून, आपण म्हातारं व्हायचा विचार सोडला आहे, असं नोंदवून घ्यायला सांगितलं.

बाईंनी हितसंबंधांचं कलम मोठ्याने वाचलं. आपला किंवा आपल्या नात्यातल्या कुणाचा व्यवसाय, हे शब्द दोनदा वाचले. कुणाचंही नाव घेतलं नाही.  औषधवाल्यांनी सवयीने तांब्याकडे हात नेला. मावशींनी त्या दिवशी तो भरलाच नव्हता. औषधवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाराजण त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी, तिसरीतल्या मुलासारखी, हळूच करंगळी वर केली.

"जा," बाई म्हणाल्या. "पण वहीत सही करून जा. आणि कारण खरं लिहा."

औषधवाले पेन हातात घेऊन उभे राहिले. त्या वहीवर इतका वेळ आजवर कुणी घेतला नव्हता. शेवटी त्यांनी एकच शब्द लिहिला, "जावई", खाली सही केली आणि दार हळू ओढून बाहेर गेले. उरलेल्या बाराजणांनी उतारासाठी हात वर केले.

बाकावर भावजी माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, की त्यांना पहिल्यापासून संशय होता. कुणाचा, ते मी विचारलं नाही. मागच्या दाराशी मावशी उभ्या होत्या. त्यांनी मोजलेले हात बोटांवर पुन्हा मोजून पाहिले, आणि कपडे शिवणाऱ्या बाईच्या आईला सांगायला त्या निघाल्या.