राणीचा कंठ

डोमाभाऊ रस्त्यात पोरगं गाठून त्याचं तोंड हुंगत. "आ कर बे," म्हणत, आणि चिंचेचा वास आला की कपाळावर हात मारून घेत. "मेली! राणी मेली!"

चिमूरकडच्या आमच्या गावात धान घरात आलं की दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्यांच्या नाटकाचे, खेळ सुरू होत, आणि ती दंडार डोमाभाऊंची. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. नाटकातल्या बायका तेव्हा आम्ही पोरंच व्हायचो. वयात आलं की पोरांचा आवाज फुटतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. डोमाभाऊंना मान्य नव्हतं. त्यांच्या मते तो फुटतो चिंचेने, बोरांनी आणि तळ्याच्या गार पाण्याने. मी राणी झालो तेव्हापासून बोर चाखलं नाही. बेहड्याचा काढा मात्र इतका प्यायलो, की मला आजार तरी कोणता आहे, असं शेजारपाजारचे आईला विचारू लागले.

शेवटी मिसरूड फुटायचं ते फुटलंच. गळा कधी दगा देईल याचा नेम राहिला नाही. मी घरातही बोलेनासा झालो. राणीचं काम होतं म्हणून गाव मला विचारत होतं. ते गेलं तर मी कोण, हीच धास्ती.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला अख्खी पंचक्रोशी लोटली होती. रानात हरवलेल्या राजाला राणी साद घालते, तिथे मी "स्वामीऽ" म्हणालो. सुरुवात पोरीची झाली, शेवट रेड्याचा. माणसं हसून हसून लोळू लागली. धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं.

तेवढ्यात डोमाभाऊ ढोलकी टाकून उठले आणि लोकांवर गरजले, "हासून काऊन राह्यले रे? राजा हरपला तिचा! रानोरान रडत फिरून राह्यली बिचारी. कंठ नाई बसन तं काय होईन?"

सगळे चिडीचूप झाले. त्याच फाटक्या आवाजात मी गाणं पुरं केलं. पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या.

खेळ संपल्यावर डोमाभाऊ माझ्या तोंडाचा रंग तेलाने पुसायला बसले.

"भाऊ, आता मले काढून टाकता का?" मी विचारलं.

"राणी नाई तं राजा हो," ते म्हणाले. मग माझ्या ओठांवरची लाली पुसत म्हणाले, "मीबी राणीच होतो. असाच फुटला माहा आवाज. सारे हासले. मी उभा राहून वाट पाह्यली, कोनी तरी काई बोलन म्हनून."

"मग?"

"कोनी नाई बोललं रे."