सव्विसाव्या मजल्यासकट फोटो

माणसाची दृष्टी विशाल व्हायची असेल तर त्याने समुद्र ओलांडला पाहिजे, हे सत्य आता सर्वमान्य झाले आहे. विमानाने ओलांडल्यास दृष्टी चार तासांत विशाल होते. म्हणूनच हैदराबादच्या वेशीबाहेर असलेल्या आमच्या व्यवस्थापन संस्थेत दुबईचा अभ्यासदौरा सक्तीचा आहे. त्याला चार श्रेयांक आहेत. व्यापारी कायद्याला दोनच आहेत, कारण तो शिकायला कुठे जावे लागत नाही.

मी या दौऱ्यांचा समन्वयक. कामाचे स्वरूप मुले मोजणे. विमानतळावर मोजायची, बसमध्ये मोजायची, मॉलमधून बाहेर पडताना तर दोनदा मोजायची. बेचाळीस नेली आणि बेचाळीस परत आणली की शिक्षण पूर्ण झाले असे धरतात. (एका वर्षी त्रेचाळीस भरली. जास्तीचा मुलगा विजयवाड्याच्या एका संस्थेचा निघाला. दोन दिवस आमच्यात होता. फरक त्यालाही कळला नव्हता आणि आम्हालाही.) दौऱ्याचा अहवाल आम्ही निघण्यापूर्वीच लिहून घेतो, कारण परतल्यावर मुलांना सर्दी झालेली असते.

पालकांचे फोनही मीच घेतो. ते तीन गोष्टी विचारतात. जेवण शाकाहारी मिळेल का, मुलींची सोय वेगळ्या मजल्यावर असेल का, आणि फोटो मिळतील का. तिथे शिकवणार काय, असे सहा वर्षांत एकाच गृहस्थांनी विचारले. त्यांना गॅस एजन्सी हवी होती, नंबर चुकून आमचा लागला होता.

तेव्हा दौऱ्याचा प्राण फोटोत आहे. आमचे संचालक डॉ. कोदंडपाणी गारू (गारू म्हणजे तेलुगूतले 'साहेब') यांनी त्यासाठी स्वतंत्र नियम केला आहे, नियम सात. त्यानुसार संस्थेचा बारा फुटी फलक पूर्ण दिसला पाहिजे, मागची इमारत उंच पाहिजे, आणि चौकटीत संस्थेबाहेरची व्यक्ती येता कामा नये. गेल्या फेब्रुवारीच्या पाच दिवसांचा हिशेब माझ्या वहीत आहे: मॉल अकरा तास वीस मिनिटे, दहीभाताचा शोध सहा तास, उंट नऊ मिनिटे, उद्योग पस्तीस मिनिटे. उद्योग म्हणजे खजूर डब्यात भरायचा कारखाना. पस्तिसातली चौदा मिनिटे फलक उलगडण्यात गेली, नऊ गुंडाळण्यात. उरलेल्या बारा मिनिटांत आमच्या एका विद्यार्थिनीने तिथल्या व्यवस्थापकांना विचारले, "तुमच्यापुढचं सगळ्यात मोठं आव्हान कोणतं?" त्यांनी घड्याळाकडे पाहिले. हे उत्तर सर्वांनी लिहून घेतले.

एवढ्या सुरळीत कारभारात, निघायच्या महिनाभर आधी, बोड्डू मल्लेशने अर्ज दिला होता.

मल्लेश जगित्यालकडच्या खेड्यातला. त्याचा बाप राजलिंगम चौदा वर्षे दुबईत सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबखाली फळ्या ठोकायचे काम करतो. दर दोन वर्षांनी महिनाभर घरी यायचा, पण गेल्या खेपेला आला नाही, कारण सुट्टीचे तिकीट आणि दौऱ्याची फी एकाच वर्षात बसेना. म्हणजे आठव्या वर्षापासून आजवर मल्लेशच्या वाट्याला बाप एकूण सहा महिने आला. अर्जात दोनच ओळी होत्या: 'बापूला भेटायचे आहे. दोन तास सोडावे.'

अर्ज अर्थातच नामंजूर झाला. दौऱ्यात नातेवाइकांना भेटणे हे खाजगी पर्यटन होय. (मॉलमध्ये फिरणे हा किरकोळ व्यापाराचा अभ्यास आहे.)

पोराचा चेहरा मला बघवेना. मी त्याला बाजूला घेतले. "नातेवाईक कशाला लिहिलंस रे, वेड्या? 'उद्योगतज्ज्ञाशी संवाद' असं लिही. चौदा वर्षांचा अनुभव आहे तुझ्या बापाला!" त्याने लिहिले. मला स्वतःचे फार कौतुक वाटले. दोघेही संचालकांपुढे उभे राहिलो.

"त्यांचं व्हिजिटिंग कार्ड आहे?" कोदंडपाणी गारूंनी विचारले.

"नाही सर. हेल्मेट आहे."

"हे बघ बाळा, तज्ज्ञ म्हणजे कसा, माणसाकडे बघितल्यावर वाटलं पाहिजे."

"काय वाटलं पाहिजे, सर?"

"की हा तज्ज्ञ आहे."

तज्ज्ञ मग ट्रॅव्हल एजंटनेच पुरवला. गुडिवाड्याचे एक सुटातले गृहस्थ. दुबईत येऊन त्यांना अकरा दिवस झाले होते. हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत त्यांनी पाऊण तास 'दुबईच्या उंचीचे रहस्य' सांगितले. मल्लेशने हात वर करून विचारले, "सर, इथं एक स्लॅब टाकायला किती दिवस लागतात?" ते म्हणाले, "फार सुंदर प्रश्न," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी मुख्य फोटो होता. इमारत मल्लेशनेच सुचवली होती. "सर, ती घ्या, चाळीस मजली आहे," असे तो म्हणाला तेव्हा मी फक्त मजले मोजले. मोजायची सवय. तिथे पोहोचून फलक उलगडत होतो तेव्हा फुटपाथवर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक काळासावळा माणूस उभा दिसला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. मल्लेश ओळीतून निघून त्याच्याकडे गेला. मिठी वगैरे काही नाही.

"सुकलास रे," बाप म्हणाला.

"तूच सुकलास, बापू. हे आईनं सकिनालू दिलेत."

"डबा परत द्यायचाय का?"

"आई म्हणाली, डबा घेऊन तूच ये."

बाप हसला आणि इमारतीकडे बघत राहिला. एवढ्यात संचालक ओरडले, "ते गृहस्थ चौकटीत येतायत! हटवा त्यांना!"

हे मल्लेशचे वडील आहेत, असे मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "सर, आपल्यापैकी कुणी फोटो काढला तर संस्थेचा एक माणूस कमी दिसेल. यांनाच काढू द्या की." नियम सात चौकटीतल्या माणसाबद्दल आहे, चौकट धरणाऱ्याबद्दल तो काही म्हणत नाही. संचालकांनी हिंदीत विचारले, फोटो काढता येईल का. राजलिंगम तेलुगूत म्हणाला, "काढतो की, सर."

"अरे, हे तर आपलेच!" संचालकांना आनंद झाला. (संपूर्ण दौऱ्यात अहवालाबाहेरची मिळालेली माहिती एवढीच.)

राजलिंगम डबा काखेत धरून मागे मागे गेला. मग खाली बसला. मग इस्त्रीच्या शर्टासकट फुटपाथवर चक्क आडवा झाला.

"अहो, फलक आला ना? मग काढा!"

"फलक आलाय, सर. सव्विसावा मजला सुटतोय."

"काय आहे एवढं सव्विसाव्यावर?"

"तिथलं सेंट्रिंग माझं. म्हणजे बाकीच्या मजल्यांचंही आमच्याच टोळीचं. पण सव्विसाव्यावर होतो तेव्हा पोराचा फोन आला, तुमच्या कॉलेजात नंबर लागला म्हणून."

"बरं बरं. लवकर आटपा, बस उभी आहे."

फोटो उत्कृष्ट आला. बेचाळीस मुले, बारा फूट फलक आणि चाळीस मजले. फलकाचे डावे टोक मल्लेशने धरले आहे आणि तो एकटाच कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्यामागे बघतो आहे. त्या दिवशी फलक गुंडाळायला मात्र एकोणीस मिनिटे लागली. नेहमी नऊ लागतात. दोनदा वाकडा गुंडाळला म्हणून मी तो पुन्हा उलगडायला लावला, आणि तेवढा वेळ बापलेक फुटपाथच्या कडेला बसून सकिनालू, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या चकल्या, खात होते. समन्वयक म्हणून सहा वर्षांत मी शिक्षणासाठी केलेले काम म्हणाल तर एवढेच.

तो फोटो यंदाच्या माहितीपत्रकावर मुखपृष्ठ म्हणून छापला आहे. प्रवेशासाठीचा फोन नंबर ठळक हवा, असे संचालकांचे म्हणणे पडले. फलक झाकता येत नाही, मुले झाकली तर पालक रागावतात. म्हणून चित्रकाराने इमारतीवरच मधोमध पिवळी पट्टी टाकली. मी बोट ठेवून मजले मोजले. पट्टी चोविसाव्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत आहे. मल्लेश दोन प्रती न्यायला आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि एकही न घेता गेला. दौऱ्यात त्याला 'क' श्रेणी मिळाली. शेरा असा की, फोटोत लक्ष नाही.

पट्टीवरचा नंबर वाचूनच काल तुम्ही फोन केलात. तुमच्या प्रश्नांची उत्तरे मी दिली: हो, शाकाहारी मिळते, हो, वेगळा मजला, हो, फोटो भरपूर. हा समोरचा फोटो फारच छान आलाय, असेही तुम्ही म्हणालात. तो कोणी काढला, असे विचाराल म्हणून मी थोडा वेळ फोन कानाला धरून थांबलो. तुम्ही ठेवून दिला होतात.