न झालेल्या सभेचे इतिवृत्त

दृष्टिहीनांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या छोट्या संस्थेच्या विश्वस्त मंडळात पाच जण होते आणि सभेला नेमाने एकच येत असे, स्वतः चिटणीस. हे निवृत्त संस्कृत शिक्षक पाच खुर्च्या मांडीत, अर्धा तास दाराकडे पाहत आणि ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ एवढे लिहून खुर्च्या पुन्हा भिंतीला लावीत. नऊ वर्षे हे व्रत अखंड चालले होते.

त्या अर्ध्या तासात मात्र ते एका निळ्या वहीत निराळेच इतिवृत्त लिहीत. त्यात सगळे आलेले असत. कंत्राटदार गळके छत दुरुस्त करण्याचा शब्द देत, डॉक्टर दर शनिवारी वाचनाला बसण्याचे कबूल करीत, वकीलबाई कंत्राटदारांना चिमटे काढीत आणि अध्यक्ष हसता हसता पाणी मागत.

“अहो, ही माणसं येत नाहीत तर दुसरी घ्या,” पत्नी म्हणे.

“आसनं मांडणं आपल्या हाती. येतील कधीतरी.”

यंदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे इतिवृत्त टंकलेखनाला देण्याचे काम पत्नीकडे आले. तिने निळी वही दिली. दर सभेला ‘तहकूब’ एवढी एकच ओळ असलेल्या दुसऱ्या वहीला इतिवृत्त कोण म्हणेल? प्रती चारही विश्वस्तांच्या घरी पोहोचल्या.

पहिला फोन कंत्राटदारांचा. “गुरुजी, छत मी करतो म्हणालो होतो?”

चिटणीसांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तसं लिहिलंय खरं.”

“मग दिला शब्द. पण वकीलबाई मला आरंभशूर म्हणाल्या, हे काही बरं नाही.”

वकीलबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “म्हणाले असेन. खोटं आहे का?”

शनिवारी डॉक्टर चष्मा पुसत वाचनाला हजर झाले. आपण सभेला गेलोच नव्हतो, असे म्हणायला कोणी धजेना. तसे म्हणणे म्हणजे नऊ वर्षांच्या गैरहजेरीची कबुली.

पुढच्या सभेला पाचही खुर्च्या भरल्या. चिटणीसांना गहिवरून आले. पण जो तो वर छताकडे पाहत बसला. अर्धवट दुरुस्त झालेल्या छतातून बादलीत थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

“मागची सभा जास्त रंगली होती,” डॉक्टर शेवटी म्हणाले.

“मी फार छान बोललो होतो,” कंत्राटदारांनी सुस्कारा सोडला.

चिटणीस उठले. “मला एक सांगायचंय. ती सभा...”

“बसा, गुरुजी,” अध्यक्ष हळूच म्हणाले. “ठाऊक आहे आम्हाला. पुढच्या सभेचं इतिवृत्त तेवढं आठवडाभर आधी पाठवा. वाचून येऊ.”

“आणि त्यातलं ते आरंभशूर काढा,” कंत्राटदार म्हणाले.

वकीलबाईंनी बादलीकडे बोट दाखवले. “आधी ही काढा.”

चिटणीसांनी निळी वही उघडली, पण लिहिण्याजोगे नवे काही घडत नव्हते. अध्यक्ष हसता हसता पाणी मागत होते.