गवा महाराजांच्या आठशे ठिणग्या

गोष्ट सांगायची मला हौस नव्हती. मी दुर्बिणीचे आरसे पुसणारा, चौथी नापास माणूस. पण सूनबाई हटून बसल्या, "मामंजी, मुलांच्या अंकाला तुमची गोष्ट हवीच." मग घ्या. मधे मधे प्रश्न विचारू नका.

एका जंगलात गवा राजा होता आणि टेकडीवर एक म्हातारा पिंगळा होता. पिंगळा म्हणजे बारकं घुबड. हल्ली एवढंही सांगावं लागतं.

आभाळात चांदण्यांचा एक बैल आहे. त्याच्या शिंगापाशी एक तारा कधीचा फुटून मेला. त्याची राख अजून धुमसते. तिथून फार जबर किरण सुटतात. शिकलेले त्यांना गॅमा किरण म्हणतात. असा किरण आपल्या हवेवर आदळला की निळी ठिणगी उडते, पापणी लवायच्या आत विझते. काळोख असला की पिंगळ्याला ती दिसायची.

हे गवा महाराजांच्या कानावर गेलं. बैलाचं शिंग म्हणजे आपलंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"पिंगळ्या, आमच्या ठिणग्या मोजून आण. चुकलास तर टेकडी सोडायची."

पिंगळा त्याच टेकडीवर अंड्यातून बाहेर आला होता. दुसरं घर त्याला ठाऊक नव्हतं. तो दहा काळोख्या रात्री जागला. पाच रात्री शिंगाकडे बघितलं, पाच रात्री शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे.

"महाराज, शिंगाकडे हजार. रिकाम्या आभाळात आठशे."

"रिकाम्यात कशाला डोळे घातलेस रे?"

"आभाळातले भटके कणही तशाच ठिणग्या पाडतात, महाराज. ते सगळीकडून येतात. हजारातून ते आठशे वजा. आपल्या दोनशे."

"आमच्या आठशे ठिणग्या खाल्ल्यास?" महाराजांनी खूर आपटला.

कोल्हा दिवाण पुढे सरकला. "सरकार, मी दहाही रात्री शिंगाकडेच बघितलं. दोन हजार! रिकाम्याकडे बघायला मी काय खुळा आहे?"

महाराज खूश. म्हणाले, "पिंगळ्या, तूही दोन हजार म्हण. टेकडी तुझी."

पिंगळ्यानं टेकडीकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "बघून बसलोय, महाराज. आता न बघितल्यासारखं कसं करू?"

टेकडी कोल्ह्याला मिळाली.

पुढच्या काळोख्या पंधरवड्यानंतर रानडुक्कर दरबारात घुसलं. "माझ्या सुळ्यासमोरच्या आभाळात दहा रात्रींत सोळाशे ठिणग्या! मलाही मुकुट पाहिजे!"

महाराजांचं तोंड उतरलं. "दिवाणजी, म्हणजे आमचं शिंग या डुकरापेक्षा चारशेनंच भारी?"

कोल्ह्यानं कान खाजवला. "सरकार, सुळा म्हणजे तरी काय? वाकडं शिंगच की. तुमचंच. दोन हजार आणि सोळाशे. छत्तीसशे झाल्या!"

जयजयकार झाला. मग मोराचा तुरा शिंग ठरला, सशाचे कान शिंग ठरले. होता होता सगळं आभाळच शिंग झालं. रिकामं काही उरलंच नाही.

पिंगळा पलीकडच्या रानात गेला. टेकडीवर कोल्हा आता भर दुपारीसुद्धा ठिणग्या मोजतो.

तात्पर्य: पोरांनो, रिकाम्या जागेकडे कधी बघू नये. बघितलं की आपल्याजवळचं कमी होतं.

आणि मला भर चावडीवर रिकामटेकडा म्हणणाऱ्या गणपा हिंगमिऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही.